एकोणीस एप्रिलचे शेजारी

ठाण्याच्या चरईतल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. खडू आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवायचा. सकाळी लिहिताना अक्षर फिकट दिसतं, पण थोड्या वेळात वाळलं की असं ठसठशीत उठतं की रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यावं. डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वार, त्याखाली तिथी, मग घटना, जन्म, मृत्यू. पेपर वाचायला येणारे आजोबा फळ्यासमोर थांबतात, चष्मा वरखाली करतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली मोबाइलवर फोटो काढून घेतात, कारण कुठल्या पेपरात काय विचारतील ते सांगता येत नाही.

ठाण्यात एप्रिलमधली मानाची तारीख म्हणजे १६. १८५३ साली त्या दिवशी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी सुमारे ३४ किलोमीटर धावून आमच्या गावात आली. ही गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तीन दिवसांनी येणारी १९ एप्रिल मात्र कुणाच्या फारशी ध्यानात नसते. शाळा परीक्षांच्या गडबडीत असतात किंवा सुट्टी लागण्याच्या बेतात असतात, तिथले फळे बहुधा कोरेच राहतात. मला मात्र वर्षभरातल्या कुठल्याही तारखेपेक्षा हीच तारीख जास्त काळ विचारात ठेवते.

कुठलाही दिनविशेष उघडला की १९ एप्रिलला साधारण ही नावं सापडतात. १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्डला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली झडलेली गोळी. १८८२ मध्ये चार्ल्स डार्विन यांचं निधन. १८९२ मध्ये ताराबाई मोडक यांचा जन्म. १९०६ मध्ये पिएर क्युरी यांचा मृत्यू. १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी. १९४३ मध्ये वॉर्साच्या ज्यू वस्तीतला उठाव. १९५५ मध्ये जिम कॉर्बेट यांचं निधन. १९७५ मध्ये आर्यभट उपग्रहाचं उड्डाण. एकेका ओळीत एकेक आयुष्य किंवा एकेक युद्ध मावलेलं, आणि सगळ्या ओळी सारख्याच उंचीच्या. वाचणारा वरून खाली नजर फिरवतो आणि आत पेपर वाचायला जातो. मला यातल्या दोन ओळींपाशी थांबायचं आहे, कारण त्या दोन्ही आमच्या जिल्ह्याच्या आहेत.

पहिली ओळ कोर्ट नाक्यापासून चालत पाच मिनिटांवरची. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. १७३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली याच किल्ल्याच्या कैदेतून निसटले. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिलं गेलं. आज बाहेरून फक्त उंच भिंत आणि तिच्या कडेने रिक्षांची रांग दिसते. त्या रांगेत रिक्षाची वाट पाहत मी कित्येकदा उभी राहिले आहे, आणि भिंतीच्या आत काय घडून गेलं याचा विचार केल्याशिवाय मला तिथे उभं राहता येत नाही.

१९१० सालची १९ एप्रिल. चैत्राचा शुद्ध पक्ष, रामनवमीच्या आसपासचे दिवस. त्याच सुमाराला हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ येत होता, त्याचा सूर्याशी सर्वांत जवळचा दिवस २० एप्रिल. त्या सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी झालं. अनंत लक्ष्मण कान्हेरे रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या आयनीचे. जन्म ७ जानेवारी १८९२. म्हणजे त्या दिवशी त्यांचं वय अठरा वर्षं आणि तीन महिने. इंग्रजी शिकायला औरंगाबादला गेलेला हा मुलगा तिथे आणि नाशिकला क्रांतिकारकांच्या संगतीत आला. बाबाराव सावरकरांना १९०९ साली कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती. तो खटला पुढे रेटणारा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला मारायचं ठरलं आणि काम कान्हेऱ्यांनी अंगावर घेतलं. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात जॅक्सनच्या निरोपासाठी ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तिथे कान्हेऱ्यांनी त्याच्यावर पिस्तूल झाडलं. कर्वे आणि देशपांडे जवळच होते, नेम चुकला तर पुढे होण्याच्या तयारीने. पळून जायचा विचार कान्हेऱ्यांनी केलाच नव्हता. मार्चअखेर मुंबई उच्च न्यायालयात शिक्षा ठरली आणि गोळी झाडल्यापासून चार महिन्यांच्या आत तिघेही ठाण्यात फासावर गेले. देह नातेवाइकांच्या ताब्यात दिले गेले नाहीत.

या गोष्टीची दुसरी बाजूही मी फळ्याजवळ थांबणाऱ्या मुलांना सांगते, आणि त्याने कान्हेऱ्यांचं मोल कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही. ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. नाशिककर त्याला पंडित जॅक्सन म्हणत. लोकांच्या चालीरीती, देवदेवस्की, व्रतं, भुताखेतांच्या समजुती यांच्या टिपणांचा मोठा साठा त्याने करून ठेवला होता. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने त्या साहित्यावरून कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक तयार केलं. त्याच्या तळटीपा पाहिल्या की गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली माहिती दिसते. कुठल्या गावात कुठला देव कौल देतो, पाऊस लांबला तर काय करतात, पहिलं लुगडं कुठल्या देवीला नेसवतात. कोकणातल्या मुलाने ज्याला मारलं त्याने कोकणातल्या आयाबायांच्या समजुती मन लावून जमवल्या होत्या. हा माणूस कोकण समजून घेत होता आणि तोच एका कवितेच्या पुस्तकासाठी एका माणसाला काळ्या पाण्यावर पाठवणाऱ्या सत्तेचा हात होता. दोन्ही खरं. परकी सत्ता म्हणजे फक्त दुष्ट माणसांची सत्ता नसते, ती चांगल्या अभ्यासू माणसांकडूनही तेच काम करून घेते. कान्हेऱ्यांच्या पिढीने हे ओळखलं होतं.

आता दुसरी ओळ. ताराबाई मोडक, जन्म १९ एप्रिल १८९२. माहेरच्या केळकर, प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या. फळ्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिताना हातातला खडू थांबला तो वयामुळे. जन्मसाल एकच. कान्हेरे जानेवारीतले, ताराबाई एप्रिलमधल्या. ज्या सकाळी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे फासावर गेले, त्या सकाळी ताराबाई अठरा वर्षांच्या झाल्या.

एवढंच. याच्यापलीकडे दोघांचा काही संबंध नाही. त्या दिवशी ताराबाईंच्या कानावर ठाण्याची बातमी आली का, आली तर त्या काय म्हणाल्या, हे मी कल्पनेने भरणार नाही. पण १८९२ साली मराठी घरांत जन्मलेली दोन मुलं, एकाच वयाची, आणि एकाचं आयुष्य जिथे थांबलं तिथून दुसरीच्या आयुष्याची सगळी वर्षं पुढे उरलेली. हे दिनविशेषाच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचून दिसत नाही. एकीत मृत्यू, एकीत जन्म. मधली अठरा वर्षं वाचणाऱ्याला स्वतः मोजावी लागतात.

ताराबाईंनी त्या उरलेल्या वर्षांचं काय केलं ते आमच्या जिल्ह्याला तरी माहीत असायला हवं. १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. संसार टिकला नाही, पदरी मुलगी. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचं प्रमुखपद, आणि मग तो मानाचा पगार सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, अडीच-तीन वर्षांच्या पोरांना शिकवायला. त्या काळात बालशिक्षण हा शिकलेल्या माणसाने करायचा उद्योग समजला जात नव्हता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार. इथवर हे काम शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांचं होतं आणि ते तसंच चालू ठेवलं असतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, बोर्डीला आल्या. वय त्रेपन्न. सोबत अनुताई वाघ. अनुताईंची जन्मतारीख १७ मार्च १९१०, म्हणजे ठाण्यात ती फाशी झाली तेव्हा मोरगावात त्या महिन्याभराच्या होत्या. लहानपणी लग्न झालं, लगेच वैधव्य आलं, आणि तिथून शिकत शिकत त्या शिक्षिका झाल्या. त्याच १९४५ साली, त्याच भागात, वारल्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली होती, गोदावरी परुळेकरांच्या पाठबळावर. जंगलपट्टीत माणूस माणसासारखा जगावा म्हणून एकाच वेळी दोन कामं सुरू झाली होती, एक लढ्याचं आणि एक शाळेचं. मला दोन्ही सारखीच मोठी वाटतात.

बोर्डीच्या बालवाडीत हरिजनवाड्यातली आणि पाड्यांवरची मुलं आपसूक येईनात. मोठी भावंडं गुरं राखायला, आईबाप मजुरीला, आणि धाकटी त्यांच्या मागे. मग बालवाडीच उचलून पाड्यात नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. आधी मुलांना आंघोळ, मग नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. मॉन्टेसोरीची परदेशी साधनं इथे ना परवडणारी ना उपयोगाची. त्यांच्या जागी चिंचोके, शंखशिंपले, पानं, बिया, गारगोट्या आल्या. मोजणं, रंग ओळखणं, लहानमोठं लावणं, सगळं त्यावरच. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी गुरं चरतात तिथे शाळा, ती कुरणशाळा. पुढे हे सगळं कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि वाढलं. अंगणात भरणारी ती वाडी म्हणजेच अंगणवाडी. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा देशभरचा शब्द झाला. अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, चालवलं.

म्हणून मी १९ एप्रिलला ओळ अशी लिहिते: ‘१९१०, ठाणे कारागृह. अनंत कान्हेरे (वय १८), कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना फाशी. त्याच दिवशी ताराबाई मोडक अठरा वर्षांच्या झाल्या. पुढे त्यांनी ठाणे जिल्ह्यात अंगणवाडीचा पाया घातला.’ जागा जास्त लागते. त्यासाठी लेक्सिंग्टनची गोळी फळ्यावरून जाते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा एका मुलीने विचारलं, मॅडम, कोसबाड तर पालघर जिल्ह्यात ना? आता आहे. १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा वेगळा झाला. त्याआधी कोसबाडहून कलेक्टर कचेरीत यायचं तर ठाण्याला, कोर्ट नाक्यालाच, यावं लागे. ताराबाईंचं आणि त्या तुरुंगाचं सरकारी गाव एकच होतं.

कुणी म्हणेल, हा सगळा योगायोग. अर्थात योगायोगच. दिवस ३६५ आणि नोंद ठेवावी अशी माणसं हजारोंनी, तेव्हा कुठल्याही तारखेला दाटी होणारच. १२ फेब्रुवारी १८०९ला अब्राहम लिंकन आणि डार्विन दोघेही जन्मले, त्यात ग्रहांचं काही काम नाही. उलट काही गाजलेले योगायोग मुळातच खरे नसतात. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघांचीही पुण्यतिथी २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात. पण स्पेनमध्ये तेव्हा नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका आली होती आणि इंग्लंड जुन्या ज्युलियनवरच होतं. दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. तारीख एक, दिवस वेगळे.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण तर आमच्या खाडीवरचंच आहे. १७३०च्या दशकात साष्टी बेट, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा मुलूख, पोर्तुगीजांकडे होता आणि माहीमच्या खाडीपलीकडची मुंबई इंग्रजांकडे. पोर्तुगीजांनी नवी दिनदर्शिका सोळाव्या शतकातच घेतली होती, इंग्रजांनी ती १७५२च्या सप्टेंबरात घेतली. त्या वर्षी २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. म्हणजे त्याआधी वांद्र्याहून होडीने माहीमला उतरणारा माणूस कागदोपत्री अकरा दिवस मागे जात असे. आणि ठाण्याच्या किल्ल्यावर चाल करून येणारे मराठे शुहूर सन, म्हणजे दरबारी कागदांतलं अरबी वर्ष, आणि शकातले महिने लिहीत होते. एकाच सकाळची तीन नावं. कुठली तारीख खरी असं विचारण्यात अर्थच नाही. तिन्ही ठिकाणी सूर्य एकाच वेळी उगवला होता.

तिथी आणि तारखेचं आपल्याकडे हेच होतं. शिवजयंती सरकारी पत्रकात १९ फेब्रुवारीला, आणि कित्येक गावांत फाल्गुन वद्य तृतीयेला. ठाण्यात दोन्ही दिवशी मिरवणुका निघतात. मला यात भांडण करण्यासारखं काही वाटत नाही. आजीचं श्राद्ध तिथीने आणि नातवाचा वाढदिवस तारखेने, असं प्रत्येक मराठी घर दोन्ही हिशेब एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरात सांभाळतं. फळ्यावर तारखेखाली तिथी लिहायचा माझा आग्रह त्यासाठीच.

तर तारखेचा शेजार अपघाताने मिळतो. चाळीतला शेजारीही आपण निवडलेला नसतो, पण म्हणून त्याची विचारपूस करायची नाही असं थोडंच आहे? विचारपूस करायची ती अशी: तेव्हा वय काय होतं, कुठे राहत होता, आणि तो गेल्यावर मागे कोण राहिलं.

या तिसऱ्या प्रश्नाला १९ एप्रिलच्या नोंदींतलं माझ्या मते सर्वांत थोर उत्तर पॅरिसमधलं आहे. १९०६ साली पावसाच्या दिवशी रस्ता ओलांडताना पिएर क्युरी घसरले आणि माल वाहणाऱ्या घोडागाडीचं चाक डोक्यावरून गेलं. मागे मेरी, आठ वर्षांची इरीन आणि जेमतेम सव्वा वर्षाची ईव्ह. विद्यापीठाने पिएर यांची जागा मेरींना दिली. ५ नोव्हेंबरला त्या पहिल्या तासाला उभ्या राहिल्या तेव्हा सभागृह खचाखच भरलं होतं. सॉरबाँमध्ये शिकवणारी पहिली स्त्री काय बोलते ते ऐकायला लोक आले होते. मेरींनी ना आभार मानले, ना पतीविषयी काही म्हटलं. पिएर यांनी विषय जिथे सोडला होता त्याच्या पुढल्या वाक्यापासून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. हा प्रसंग मी फळ्यावर कधी बसवू शकत नाही, तोंडी सांगते, आणि दर वेळी सांगताना गळा दाटतो.

वॉर्साविषयी थोडक्यात लिहिता येत नाही, आणि थोडक्यात लिहूही नये असं मला वाटतं. एवढंच सांगते की १९४३च्या १९ एप्रिलला, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येला, जर्मन सैन्य उरल्यासुरल्या ज्यूंना छळछावण्यांत न्यायला वस्तीत शिरलं आणि विशीतल्या पोरांनी जुजबी हत्यारांनिशी त्याला जवळजवळ महिनाभर झुंजवलं. जिंकण्याची आशा त्यांना नव्हतीच. कान्हेऱ्यांच्या ओळीखाली ही ओळ येते तेव्हा ती मला परक्या देशातली वाटत नाही.

कॉर्बेट केनियात न्येरी इथे वारले, नैनितालपासून इतक्या दूर. आणि आर्यभट! बंगळूरजवळ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तरुण मुलांनी जोडलेला ३६० किलोचा उपग्रह, सोव्हिएत रॉकेटवरून गेलेला. चार-पाच दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड होऊन आतले प्रयोग बंद पडले, पण उपग्रह बांधायचा कसा हे देशाला कळलं. पुढे दोन रुपयांच्या नोटेवर तो मागच्या बाजूला आला. जांभळी नाक्याच्या मंडईत भाजीवाल्या मावशींच्या ओल्या हातांतून ती नोट परत घेताना आपला उपग्रह हातात आल्याचा आनंद मला व्हायचा, आणि तो आनंद खरा होता.

पण दिनविशेष लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवत राहते. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांची नावं माझ्या फळ्यावर वर्षातून एकदाच येतात. कान्हेऱ्यांना ७ जानेवारी आहे, नाशिकला त्यांच्या नावाचं मैदान आहे. या दोघांचा जन्मदिवस कुठल्याच दिनविशेषात मला भेटलेला नाही. एक वकिलीचा विद्यार्थी, एक शिक्षक, आणि दोघांनाही एकच तारीख, तीही सरकारने दिलेली.

आणि ज्यांना तीही मिळत नाही असे तर अगणित. माझ्या पिढीतल्या खेड्यातून आलेल्या कुणालाही जन्मतारीख विचारा, दहातले तीन-चार जण सांगतील १ जून. आई सांगायची, मोठ्या पुराच्या सालातला, भात लावणीच्या वेळचा. मास्तर दाखला लिहिताना शाळा सुरू होण्याचा महिना धरून १ जून टाकायचे, म्हणजे प्रवेशाचं वय बरोबर बसे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी येतो तो असा. त्या मास्तरांना मी बोल लावत नाही. जॅक्सनला लोकसमजुती कळवणारे तेच आणि मुलाला कागदावर आणणारेही तेच. त्यांनी १ जून लिहिला म्हणून मूल शाळेत आलं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र १ जूनवर भागत नाही. मूल कुपोषित आहे की नाही हे अंगणवाडीत वजन आणि वयाचा मेळ घालून ठरतं, आणि वय महिन्यांत मोजायचं असतं. चौदा महिन्यांचं मूल वीस महिन्यांचं लिहिलं तर धडधाकट पोर तक्त्यावर खंगलेलं दिसेल. उलट झालं तर खंगलेलं पोर ठीकठाक दिसेल आणि जीव धोक्यात येईल. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा साऱ्या राज्याने हळहळ व्यक्त केली. त्यांतल्या एकाही मुलाचं नाव कुठल्या दिनविशेषात नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई त्याच जव्हारकडे अंगणवाडी सेविका आहेत. बाळंतपण झालं की आशाताईंकडून तारीख घ्यायची, कार्डावरची तारीख ताडून बघायची, आईलाही विचारायचं, मग रजिस्टरात लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. दर महिन्याला वजनाचा दिवस असतो. झोळीत बसवलेलं पोर रडतं, काटा हलत राहतो, तो थांबेपर्यंत बाई वाट बघतात आणि मग आकडा लिहितात. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. जन्मतारखांच्या रकान्यात ३ ऑगस्ट, २७ नोव्हेंबर, ११ फेब्रुवारी, अशा वर्षभर विखुरलेल्या तारखा होत्या. १ जून एकदाच होती. बाई म्हणाल्या, ही खरंच त्या दिवशी झालीय हो, पहाटे चारला, मीच होते तिथे.